वर्गात सगळ्यांनी मिळून एक कादंबरी: पाण्याची, युद्धाची आणि आपल्या हापश्याची

सुरुवात माझ्या चुकीपासूनच करते. पहिल्या वर्षी मी सातवीला एक अख्खी कादंबरी वाचून दाखवली आणि शेवटच्या दिवशी म्हटलं, चला आता पोस्टर करा. बेचाळीस पोस्टरं आली. त्यातल्या तीसेक पोस्टरांवर एक नळ, नळाखाली एक थेंब आणि खाली मोठ्या अक्षरात 'पाणी वाचवा'. दीड महिना ज्या मुलीच्या मागे मागे आम्ही चाललो ती एकाही पोस्टरवर नव्हती. आणि आमच्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्यातनं पोरांनी अजून काय वाचवायचं होतं देव जाणे. पण पोरांचा दोष नव्हता, मीच पहिल्या दिवशी फळ्यावर 'जागतिक पाणी समस्या' असं लिहून ठेवलं होतं, मॅडमला काय पाहिजे ते पोरांनी बरोबर ओळखलं आणि दिलं.

त्यानंतर तेच पुस्तक अजून तीनदा घेतलं, दरवेळी थोडं बदलत. आमची शाळा सेमी इंग्रजी, गाव मराठवाड्यातलं, वर्गात चाळीसच्या वर पोरं. आता जसं करते तसं क्रमाने सांगते, म्हणजे कोणाला करायचं असेल तर माझ्या चुका परत करायला नकोत, तुमच्या तुम्ही नव्या करा.

आधी पुस्तक

मी घेते ते पुस्तक म्हणजे लिंडा सू पार्क यांचं 'अ लाँग वॉक टू वॉटर', 2010 साली आलेलं. छोटं आहे, अठरा प्रकरणं, इंग्रजी सोपं. दोन गोष्टी शेजारी शेजारी चालतात. एक 1985 ची, साल्वा नावाचा अकरा वर्षांचा डिंका जमातीचा मुलगा, दक्षिण सुदानमध्ये वर्गात बसलेला असताना बाहेर गोळीबार होतो, मास्तर सांगतात गावाकडे जाऊ नका, झाडीत पळा, आणि तिथून तो जे चालायला लागतो ते इथिओपिया, मग केनिया. दुसरी 2008 ची, न्या नावाची अकरा वर्षांचीच मुलगी, न्यूएर जमातीची, ती तळ्यावरून पाणी आणते, सकाळी एक फेरी, दुपारी दुसरी, वर्षातले सात महिने रोज. साल्वा खरा माणूस आहे, साल्वा डट, न्या लेखिकेने रचलेली आहे. हे पोरांना लगेच सांगू नका, पुस्तकाच्या शेवटी साल्वाचं स्वतःचं मनोगत आणि लेखिकेची टीप आहे, तिथवर थांबा.

हेच पुस्तक का, तर एक म्हणजे दोन्ही मुलं वर्गातल्या मुलांच्या वयाची आहेत. दुसरं म्हणजे न्याचा भाग प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला जेमतेम पानभर असतो, त्यामुळे वाचनात कच्ची पोरंही तेवढं वाचून दाखवू शकतात, वर्गासमोर उभं राहून वाचल्याचा मान मिळतो आणि घामही फुटत नाही. तिसरं कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठं, लेखिका कुठेही थांबून उपदेश करत नाही. दुसरं पुस्तक घेणार असाल तर एवढंच तपासा, की त्यातलं मूल हे मूल आहे का नुसतं समस्येचं हँगर आहे. त्याला भूक लागते, राग येतो, मित्र असतो, घरची एखादी वेडी आठवण असते का. साल्वाचा बाप बाजारातून येताना सायकलच्या चाकाच्या तारांमध्ये आंबे खोचून आणायचा, पोरं युद्ध विसरतील पण ते आंबे विसरत नाहीत.

प्रती किती लागतात? चाळीस घ्यायला कोणाकडे पैसे आहेत. माझ्याकडे आठ आहेत, दोन मी घेतल्या, बाकी माजी विद्यार्थ्यांकडून आल्या. पाच जणांत एक पुस्तक, गोल करून बसायचं. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मारू नका, एक तर ते कायद्यात बसत नाही आणि दुसरं म्हणजे सुट्टे कागद आठ दिवसांत दप्तराच्या तळाला जातात. एका पुस्तकावर पाच डोकी वाकलेली असली की पान उलटायचं का नाही ह्यावर भांडण होतं, ते भांडण म्हणजे वाचन चालू असल्याचा पुरावा.

वेळ कधीची धरायची

ह्यावर मी फार डोकं लावलं आणि शेवटी उत्तर आमच्या गावानेच दिलं. दिवाळीनंतर माझ्या वर्गातले आठ-नऊ बाक रिकामे होतात, आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, काही पोरं त्यांच्याबरोबर, काही हंगामी वसतिगृहात, काही आजीकडे. म्हणजे पुस्तक दिवाळीच्या आत संपलंच पाहिजे, अर्ध्यावर सोडून गेलेल्या पोराला साल्वा पोचला का नाही हे कळू नये ही शिक्षा कशाला. म्हणून मी 15 ऑगस्ट झाला की सुरू करते आणि 2 ऑक्टोबरच्या आत संपवते. आठवड्याला तीन तास, सहा आठवडे, म्हणजे अठरा तास आणि अठरा प्रकरणं, वर गणपतीत दोन-तीन तास जातातच ते शनिवारी भरून काढायचे. 2 ऑक्टोबर का, ते पुढे येईल.

आधी स्वतः दोनदा वाचा

पहिल्यांदा वाचक म्हणून, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वेळी मी फक्त एकच गोष्ट शोधते, कुठे माझ्या वर्गातल्या कोणाला तरी लागेल. ह्या पुस्तकात तशा जागा आहेत. साल्वाच्या मित्राला झोपेत सिंह नेतो. काकाला डोळ्यांदेखत गोळी घालतात. 1991 मध्ये इथिओपियातलं सरकार पडल्यावर छावणीतल्या लोकांना बंदुकीच्या जोरावर गिलो नदीत ढकलतात, पाण्यात मगरी, मागून गोळ्या. ही प्रकरणं मी पोरांना घरी वाचायला देत नाही, वर्गातच वाचायची, मीच वाचते, आणि मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला वाचते, म्हणजे नंतर पोरांना पळता येतं. गेल्या वर्षी एका मुलाचे काका नुकतेच गेले होते, त्याला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं की उद्याच्या पाठात असं असं आहे, तुला बाहेर बसायचं असेल तर बस. तो आतच बसला, पण विचारलं हे त्याने लक्षात ठेवलं.

पालकांनाही सांगा, पहिल्याच पालकसभेत दोन मिनिटं. नाहीतर कोणाची तरी आई येऊन विचारते, मॅडम तुम्ही पोरांना सिंहाने माणूस खाल्ल्याचं काय शिकवताय.

पहिला दिवस: नकाशा आणि बाकी काही नाही

आमच्या शाळेत भिंतीवर एक जुना जगाचा नकाशा आहे, त्यात सुदान एकच देश आहे, केवढा तरी मोठा. मोबाईलवर मात्र दोन दिसतात. पोरांना दोन्ही दाखवायचं आणि विचारायचं, ह्यातला चुकीचा कोणता? सगळे म्हणतात भिंतीवरचा. मग सांगायचं की छापला तेव्हा तो बरोबर होता, दक्षिण सुदान 9 जुलै 2011 ला वेगळा झाला. देश नवीन होऊ शकतो हे अकरा-बारा वर्षांच्या पोराला कोणी सांगितलेलंच नसतं, त्याला वाटतं देश म्हणजे डोंगरासारखे, असतातच. तो धक्का पुरे. युद्ध कशावरून झालं, किती मेले, यूएन म्हणजे काय, ह्यातलं काहीही पहिल्या दिवशी सांगायचं नाही. 'जागतिक' हा शब्दच पहिले तीन आठवडे माझ्या तोंडात नसतो. सरळ पहिलं प्रकरण वाचायला घ्यायचं, न्या रिकामा कॅन घेऊन पाण्याला निघते तिथून.

रोजचा तास

तास पस्तीस मिनिटांचा. वीस मिनिटं वाचन, त्यात न्याचा भाग पोरं वाचतात, साल्वाचा मी. वाचते इंग्रजीत, बोलतो मराठीत. प्रत्येक ओळीचं भाषांतर करायची सवय आपल्याला असते, ती सोडा, त्याने गोष्टीचा जीव जातो. पानभर वाचून झाल्यावर एवढंच म्हणायचं, काय झालं सांग बरं. एक जण सांगतो, दुसरा म्हणतो नाही नाही तसं नाही, आणि अर्थ आपोआप वर येतो. मग दहा मिनिटं बोलणं, पाच मिनिटं वहीत. वहीच्या पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे न्या, उजवीकडे साल्वा, दोघांच्या रकान्यात आज काय झालं ते दोन-दोन ओळीत. चौथ्या-पाचव्या प्रकरणापर्यंत पोरांना प्रश्न पडतोच की ह्या दोघांचा एकमेकांशी संबंध काय, मधे तेवीस वर्षं आहेत, जमाती वेगळ्या आहेत, वर वैर आहे. पैजा लागतात. सांगू नका, कितीही विनवण्या केल्या तरी.

आणि प्रश्नांची भिंत. मागच्या भिंतीवर खाकी कागद चिकटवायचा, ज्याला जो प्रश्न पडेल तो तिथे लिहायचा, नाव नाही लिहिलं तरी चालेल, स्पेलिंगचे मार्क नाहीत. ह्या सगळ्या प्रकारातलं खरं काम ही भिंत करते. पाणी, युद्ध, निर्वासित हे विषय मी वर्गात आणत नाही, भिंतीवर जे येतं त्यातनं ते उचलायचे. माझ्याकडे आलेले काही प्रश्न जसेच्या तसे: एवढी गुरं आहेत तर दूध पिऊन का नाही राहत? साल्वाला शाळा होती, न्याला का नाही? काटा काढायला पिन नाही का? आणि एक, शाईच्या पेनाने, बारीक अक्षरात, न्याचे वडील का नाही जात पाण्याला?

न्याचे वडील का नाही जात

हा प्रश्न दर वर्षी येतो, वेगवेगळ्या अक्षरात. पहिल्यांदा आला तेव्हा मी फाडफाड बोलायला लागले, लिंगभाव आणि काय काय, पाच मिनिटांत वर्ग मेला. आता मी काही बोलत नाही, घागर आणते.

शाळेपासून हापसा साधारण दोनशे पावलं. चार घागरी, दोन हंडे, एक वीस लिटरचा कॅन. आधी गणित, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, मग भरलेली घागर किती, तिचं स्वतःचं वजन किती, तुझं दप्तर किती. शाळेचा वजनकाटा असतोच आरोग्य तपासणीचा. मग प्रत्येकाने हापश्यापासून वर्गापर्यंत एक खेप आणायची आणि वर्गात आल्यावर किती पाणी उरलं ते मोजायचं. पोरं आधी हसत जातात. कॅन हातात घेतात, वीस पावलांवर हात बदलतात, मग दोघं मिळून धरतात, मग पँट भिजते. एकाने डोक्यावर घेतला आणि मान अशी आखडली की जत्रेतल्या बाहुल्यासारखा वळायला लागला. त्या दिवशी एक मुलगी, वर्गात कधी हात वर न करणारी, त्याच्याकडे गेली, गळ्यातली ओढणी काढली, तिची चुंबळ वळली, त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, खाली बघू नको, लांब बघ. मग स्वतःची घागर उचलली आणि हात न लावता वर्गापर्यंत आली, थेंब सांडला नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे नुसते बघत होते. तिला विचारलं कधीपासून आणतेस, तर म्हणाली, दुसरीपासून.

एवढं झालं की मग आकडे द्या, आता ते लागतात. जगभरात पाण्याचा हिशोब ठेवतात त्यात एक साधी कसोटी आहे, स्वच्छ पाणी जाऊन-येऊन आणि रांग धरून अर्ध्या तासात मिळालं पाहिजे, त्याच्यावर वेळ गेला तर ती सोय अपुरी धरतात. न्या कुठे बसते ते पोरं लगेच सांगतात, मग आपोआप आपली आपली घरं मोजायला लागतात. आपल्याकडे जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटरचं उद्दिष्ट आहे, आणि आपत्तीतल्या छावण्यांसाठी माणशी निदान 15 लिटर धरतात. पाच माणसांचं घर, पंधरा लिटरची घागर, 55 च्या हिशोबाने किती खेपा? एकोणीस. हा आकडा पोरांनी स्वतः काढला पाहिजे, तुम्ही फळ्यावर लिहिलात तर वाया गेला.

लातूरच्या रेल्वेचं गणितही घालते, ते सगळ्यांना घरी ऐकून माहीत असतं. एप्रिल 2016, मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पन्नास-पन्नास हजार लिटरच्या, नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायची. पन्नास वाघिणी म्हणजे 25 लाख लिटर, 55 ने भागा, साडेपंचेचाळीस हजार माणसं एक दिवस. लातूर शहर 2011 च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या वर. एवढी मोठी गाडी आणि तरी एवढंच, असं एक पोरगा म्हणाला आणि बराच वेळ वहीकडे बघत बसला.

नारू

हा धागा पुस्तकात बारीक आहे पण आपल्याकडे सोन्यासारखा. साल्वाचे वडील बऱ्याच वर्षांनी सापडतात ते दवाखान्यात, घाण पाण्यामुळे पोटात जंत झालेले, त्यात नारूचा उल्लेख आहे. इंग्रजी नाव वाचून पोरं पुढे जातात. तिथे थांबायचं आणि गृहपाठ द्यायचा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या, नारू म्हणजे काय. दुसऱ्या दिवशी जे येतं ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसतं. एकाच्या पणजोबांनी नडगीवरचा डाग दाखवला होता, तिथून किडा बाहेर यायचा आणि काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर आणखी त्रास. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं पाय बुडवून पाणी भरायची, किडा पाण्यात अळ्या सोडायचा, तेच पाणी पुढच्याने प्यायचं. औषध नाही, लस नाही, फक्त पाणी दुहेरी फडक्याने गाळायचं आणि पायऱ्या बंद करायच्या. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 चा, आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

पोरांच्या डोक्यात तोवर असं असतं की तिकडे आफ्रिकेत वाईट आणि इकडे आपण बरे. पणजोबांच्या नडगीने ते एका दिवसात सरळ होतं. अजून एक जागा ह्याच धाग्यातली: न्याची धाकटी बहीण पाण्याने आजारी पडते, दवाखान्यातली नर्स सांगते उकळून प्या, आणि आईला प्रश्न पडतो की झिऱ्यातून ओंजळ ओंजळ जमवलेलं एवढुसं पाणी उकळलं तर उरणार काय. विज्ञानाच्या सरांना बोलवा त्या दिवशी, पातेल्यात अर्धा लिटर पाणी दहा मिनिटं उकळून आधी आणि नंतर मोजा. उत्तर बरोबर असूनही उपयोगाचं नसतं हे पोरांना त्या पातेल्यात दिसतं.

युद्ध: थोडक्यात पण चुकीचं नको

इथे मी वेळ घालवत नाही, पण जे सांगायचं ते नीट. सगळ्यात वाईट म्हणजे 'दोन जमाती भांडतात' एवढ्यावर सोडून देणं. 1983 ला सुरू झालेलं युद्ध उत्तरेतलं सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर ह्यांच्यातलं, सरकारने सगळ्या देशावर शरिया कायदा लादला, दक्षिणेला आधी दिलेली स्वायत्तता मोडली, आणि त्याच्या काही वर्षं आधीच दक्षिणेत तेल सापडलेलं होतं. 2005 च्या जानेवारीत तह झाला, तोवर साधारण 20 लाख माणसं गेली, गोळीने कमी आणि भुकेने, रोगाने जास्त. डिंका आणि न्यूएरचं वैर हे त्याच्या आत, गुरं, चराई आणि पाणी ह्यावरचं. बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेल्या गावात हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक गोष्ट पुस्तकात नाही ती शेवटी सांगाच. पुस्तक 2010 चं, त्याचा शेवट आशेचा आहे. पण डिसेंबर 2013 मध्ये नव्या देशातच यादवी पेटली, राष्ट्राध्यक्ष डिंका, त्यांचे विरोधक न्यूएर, 2018 मध्ये तह झाला तोवर लाखो लोक परत घर सोडून पळाले. हे सांगितलं तेव्हा पोरं माझ्यावर चिडली, जणू मीच केलं. चिडू द्या.

निर्वासित आणि आमचे रिकामे बाक

आता माझी दुसरी चूक, ही पोस्टरपेक्षा मोठी. दुसऱ्या वर्षी मी एक खेळ घेतला होता, कुठेतरी वाचलेला: तुम्हाला दहा मिनिटांत घर सोडायचंय, पाच वस्तू निवडा. वर्ग उत्साहात लिहायला लागला, टीव्ही, सायकल, कुत्रा. एका मुलाने काहीच लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाला, मॅडम आम्ही दर वर्षी नेतो की, पातेलं, तवा, पांघरूण, कोयता, आणि शेळी. सहज म्हणाला. मला मात्र तिथेच कुठेतरी लपावंसं वाटलं. टोळीबरोबर जाऊन पाचटाच्या कोपीत पाच महिने काढणारं पोर समोर बसलेलं असताना मी त्याला घर सोडण्याची कल्पना करायला लावत होते.

तो खेळ बंद केला. आता उलटं करते, आधी प्रश्न टाकते: साल्वा आणि ऊसतोडीला जाणारं कुटुंब, दोघंही चालून गेले, काय सारखं, काय वेगळं? कोणाला बोलायचं तो बोलेल, कोणाचं नाव घेऊन विचारायचं नाही, हा नियम. त्यातनं व्याख्या पोरंच बनवतात. कोणी म्हणतं साल्वाला परत येता येत नाही, आपल्याला पाडव्याच्या आसपास येता येतं. कोणी म्हणतं साल्वाच्या मागे बंदूक आहे, आमच्या मागे उचल. मुकादमाकडून घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत जावंच लागतं, मग हे मर्जीने जाणं झालं का? बारा वर्षांच्या पोरांनी हा प्रश्न काढला, मी नाही. मग सांगायचं की कायद्यात निर्वासित कोणाला म्हणतात हे 1951 च्या करारात लिहिलंय, छळाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडलेला माणूस, आणि त्या करारावर भारताने सही केलेली नाही. तरी इथे निर्वासित आहेतच. हिवाळ्यात तालुक्याला स्वेटर विकायला बसतात ते तिबेटी पोरांनी पाहिलेले असतात, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहत आहे. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवलेली लष्करी छावणी, अजून पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. साल्वा ज्या काकुमा छावणीत राहिला ती केनियात 1992 पासून आहे, आजही. तंबूंची छावणी म्हणजे चार महिन्यांचं काम असं वाटणाऱ्या पोरांना हे ऐकून गप्प व्हायला होतं.

बिचारेपणा

चौथ्या आठवड्याच्या आसपास वहीत एक शब्द यायला लागतो, बिचारे. बिचारी न्या, बिचारा साल्वा, बिचारे आफ्रिकेतले लोक. हा आला की समजायचं गाडी रुळावरून घसरतेय. रागावून उपयोग नाही, पर्याय द्यायचा. मी दोन गोष्टी करते. एक, वहीत तिसरा रकाना: आज त्याने किंवा तिने काय ठरवलं? काय झालं नव्हे, काय ठरवलं. साल्वाने पुढाकार घेऊन दीडेक हजार पोरांना केनियाकडे चालवत नेलं, कामं वाटून दिली, रोज पुढे ढकललं, तेव्हा तो सतरा-अठराचा होता. नंतर अमेरिकेत गेला, रॉचेस्टरला, आणि तिथे राहून दक्षिण सुदानमध्ये विहिरी खोदायची संस्था काढली. बिचारा कुठल्या अँगलने?

दुसरी गोष्ट बास्केटबॉल. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दक्षिण सुदानचा पुरुष संघ पहिल्यांदाच उतरला आणि पहिली मॅच जिंकला, पोर्तो रिकोला 90-79 ने हरवून. त्याच्या काही दिवस आधी सरावाच्या मॅचमध्ये अमेरिकेला एका पॉइंटपर्यंत आणलं होतं, 101-100. ती शेवटची मिनिटं मोबाईलवर दाखवली तेव्हा आमची पोरं अशी ओरडत होती की शेजारच्या वर्गातनं बाई बघायला आल्या. त्या दिवसानंतर बिचारे शब्द वहीतून गेला, मी न सांगता.

शेवट आणि त्यानंतर

शेवटच्या प्रकरणात दोन गोष्टी कशा मिळतात ते इथे लिहीत नाही, ज्यांना वर्गात घ्यायचंय त्यांनी स्वतः वाचा. एवढंच सांगते की बोअरची गाडी येते आणि आमच्या पोरांना ती प्रकरणं वाचून दाखवायची गरजच नसते. तमिळ अक्षरं रंगवलेली गाडी, रात्रभर घरघर, सातशे फुटाला नुसता फुफाटा आणि बापाचा चेहरा, हे त्यांनी पाहिलेलं आहे. पाणी लागतं त्या पानाला वर्ग जो आवाज काढतो तो पुस्तक वाचल्याचा नसतो. लगेच भिंतीवर प्रश्न येतो, सगळ्यांनीच बोअर मारले तर खालचं पाणी संपत नाही का? भूगोलाच्या सरांना तयार ठेवा.

पैसे गोळा करून कुठे पाठवायचे नाहीत, हे माझं मत, कोणाला पटणार नाही. दोन-दोन रुपये जमवून पाठवले की पोरांच्या डोक्यात हिशोब मिटतो. त्यापेक्षा नोंदवही करा. पाचव्या आठवड्यात आठ गट, प्रत्येकाला एक पाणवठा: हापसा, टाकी, टँकर थांबतो ती जागा, आडावरचा रहाट. तीन दिवस, सकाळी एक तास बसायचं आणि चारच गोष्टी लिहायच्या, किती जण आले, त्यात बाया-पोरी किती, रांगेत किती मिनिटं, किती भांडी. नाव कोणाचं लिहायचं नाही. मग फळ्यावर बेरीज, आणि एका कागदावर आलेख. हा कागद 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोन पोरी वाचून दाखवतात, तारीख त्यासाठीच धरलेली. सरपंचांना आधी जाऊन सांगा, एकदम तोंडावर पाडलंत तर पुढच्या वर्षी माईक मिळणार नाही. गेल्या खेपेला शंभरातल्या ऐंशीच्या वर डोकी बायापोरींची निघाली, सभेत मागे बसलेला एक आजोबा म्हणाला, हे काय सांगायला शाळा लागती का. त्याच्या शेजारची बाई म्हणाली, लागती.

मार्कांचं काय म्हणाल तर मी एकच प्रश्न विचारते, लेखी: ह्या पुस्तकामुळे तुझं कुठलं मत बदललं, आणि कुठल्या पानावर? पान सांगता आलं पाहिजे. 'पाणी वाचवावे' ह्याला शून्य, हे आधीच सांगून ठेवते. तोंडी परीक्षेत उत्तम सांगणारी पण लिहिता न येणारी पोरं असतात, त्यांचं मी लिहून घेते.

भिंतीचा कागद फेकू नका. उत्तर न सापडलेले प्रश्न पुढच्या वर्षीच्या वर्गाला पहिल्या आठवड्यानंतर दाखवायचे. यंदाच्या कागदावर एक आहे, हापसा बिघडला की न्याच्या गावात दुरुस्तीला कोण येतं? मी नुसतं एवढंच म्हटलं की आपल्याकडे कोण येतं ते आधी शोधून काढ. विचारणाऱ्याच्या गल्लीतला हापसा मार्चपासून बंद आहे, तीन अर्ज झालेत, चौथा त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलाय आणि माझ्याकडे तपासायला दिलाय, त्यात दोन काने आणि एक वेलांटी चुकलीय, मी तशीच ठेवलीय.